वरच्या तीन ओळी

माझ्या नवऱ्याला कंपनीनं होसूरला पाठवलं तेव्हा घरीदारी सगळे म्हणाले, वर्षाचा तर प्रश्न आहे. असं म्हणणाऱ्यांपैकी कुणालाच कुठे जायचं नव्हतं. तो चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर. कंपनीनं दक्षिणेत नवा प्लांट उभा केला होता आणि तिथली लाइन मार्गी लावायला इकडची माणसं हवी होती. वर्ष संपत आलं की कंपनी त्याला विचारणार होती, परत चाकणला येतोस की आणखी एक वर्ष थांबतोस. थांबणाऱ्याचं तिथे भलं होणार हे कुणी न सांगताही सगळ्यांना कळत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी लोणच्याची बरणी बॅगेत कशी बसवायची यावर आमचं चाललं होतं. मध्येच तो म्हणाला, "वर्षानं काय करायचं ते तू म्हणशील तसं करू." मी म्हणाले, "नोकरी तुझी आहे. तूच ठरव." आता बायको असं म्हणाली की समोरच्यानं म्हणायचं असतं, ठरवायचं काय त्यात, मी येणारच. एवढं साधं. तो म्हणाला, "बरं." आणि बरणी दोन बनियनांत गुंडाळून त्यानं कोपऱ्यात बसवली.

लग्न होऊन आम्हाला फार दिवस झालेले नव्हते. भांडणं कशावरून होतात हे आत्ता कुठे कळायला लागलं होतं. मला त्या वर्षात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे वर्षअखेरीला तो घरी परत यावा. आणि मी बोलावलं म्हणून नव्हे, स्वतःहून यावा, एवढा माझा हट्ट होता.

फोन होता की, असं कुणीही म्हणेल. फोन होता. पण आमच्या घरात फोन सगळ्यांचा असतो. सासूबाई चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. ज्या शेतात त्यांनी भुईमूग काढला तिथे आता आमची सोसायटी आहे. फ्लॅटमध्ये राहायला आल्या तरी त्यांचं दार दिवसभर उघडं असतं आणि फोन स्पीकरवर असतो. त्याचा फोन आला की, "मोठ्यानं कर गं, मला बी ऐकू दे." तेवढ्यात समोरच्या दारातून माझी चुलत जाऊ हातात भाजीची परात घेऊन यायची आणि शेंगा सोलत ऐकत बसायची. तो विचारायचा, जेवलीस का. मी म्हणायचे, हो, तुम्ही जेवलात का. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते. मग पाऊस, गॅस, कुणाचं लग्न, आणि "चला, ठेवतो."

मेसेज करावा तर तो उत्तराला अंगठा पाठवायचा. मी मन लावून लिहावं आणि पलीकडून पिवळा अंगठा यावा. अंगठ्याशी माणूस किती दिवस बोलणार?

म्हणून मग ते अ‍ॅप. भोसरीला मी नोकरी करते तिथे सगळं काम त्यातच चालतं. मीटिंगचे मुद्दे, ऑडिटचे रिपोर्ट, कुणाकडे काय काम दिलंय, सगळं त्यातल्या पानांवर. त्याच्या कंपनीतही तेच होतं, त्यामुळे दोघांच्याही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते उघडायला आडकाठी नव्हती. मी त्यात आमच्या दोघांची एक जागा केली होती, 'घर' या नावाची. ती उघडली की एकाखाली एक पानांची नावं, त्यांवर क्लिक केलं की ते ते पान. किराणा. आईंच्या गोळ्या. लाइटबिल. गॅलरीतली झाडं. तो गेल्यावर मी त्यात दोन पानं वाढवली. 'चऱ्होली' मी लिहायचं आणि 'होसूर' त्यानं. त्याचा मोबाइल दिवसभर गेटवर जमा आणि त्यात हे सगळं त्यानं कधी घेतलेलंही नव्हतं, पण लाइनशेजारच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होता. चहाच्या सुट्टीत तो तिथे बसून लिहू शकत होता. आणि पानावर मी त्याला तू म्हणू शकत होते.

या अ‍ॅपमध्ये एक सोय आहे. पानाच्या नावावर माऊस नुसता नेऊन ठेवला, क्लिक केलं नाही, तरी एक छोटी चौकट उघडते. तिच्यात पानाचं नाव आणि वरच्या तीनेक ओळी दिसतात, पुढे टिंबं. माऊस सरकवला की चौकट नाहीशी. चऱ्होलीत अजून जुनी माणसं रस्त्यानं जाता जाता दारातून डोकावतात, "काय चाललंय?" म्हणतात आणि चप्पल न काढता पुढे जातात, त्यातलाच हा प्रकार. आत गेलं की बसावं लागतं, चहा होतो. डोकावण्याला काही लागत नाही.

पान पुरतं उघडलं तर मात्र वरच्या कोपऱ्यात आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचा एक गोल उमटतो. दुसरा माणूस त्याच वेळी त्या पानावर असेल तर त्याला तो दिसतो. पहिल्या आठवड्यात मला याचं काही वाटलं नव्हतं. मी त्याचं पान ऊठसूट उघडत होते. रिपोर्टची एक ओळ लिहावी आणि होसूर उघडावं, फोन ठेवावा आणि होसूर उघडावं. मग रविवारी फोन आला. स्पीकर चालू, सासूबाई समोर, जाऊबाई परात घेऊन. आणि हा म्हणतो कसा, "मी लिहायला बसलो की हिचा गोल हजर. लिहू पण देत नाही. माझी तपासणी चाललीय का काय?" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जाऊबाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि "अगं बाई, एवढी आठवण!" म्हणून इतक्या हसल्या की शेंगा सांडल्या. तोही तिकडून हसत होता. मी कानापर्यंत लाल झाले आणि आत जाऊन उगाच कुकर लावला.

त्या दिवशी ठरवलं, परत याच्या पानात पाऊल टाकायचं नाही. मला राग लवकर येतो आणि मुक्कामाला राहतो. पण राग असला तरी बघायचं तर होतंच. मग मी डोकावायला लागले.

सकाळी ऑफिसला पोचले की पहिलं काम ते. 'घर' उघडायचं, 'होसूर'वर माऊस ठेवायचा. चौकटीत असायचं: "गीझर बंद. मेसमध्ये परत भातच. खोलीतला पंखा आवाज करतो..." एवढंच. पुढे टिंबं. दुपारी परत बघावं तर कधी एखादी ओळ बदललेली असायची. "डास फार. उशी कडक. सांबाराचा वैताग आलाय..." पुढे टिंबं. त्या टिंबांच्या खाली काय असेल याचा मी दिवसभर विचार करायचे. माझ्या कल्पनेत खाली सगळं माझ्याबद्दल होतं.

आणि खरं सांगते, मला त्या तक्रारींनी फार बरं वाटायचं. नवऱ्याला आंघोळीला गरम पाणी नाही याचा आनंद होणारी दुसरी बायको मला माहीत नाही. गीझरची ओळ चौकटीतून गेली त्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी "शेजारच्या खोलीतला घोरतो" असं आलं तेव्हा मी खुशीत येऊन शेजारच्या टेबलावरच्या मुलीला चहा पाजला. हा तिथे रमत नाहीये, मला वाटायचं. एवढे हाल काढून कोण आणखी वर्ष थांबेल? येणार. नक्की येणार.

माझं पान मी रोज लिहायचे. माझं कामच लिहिण्याचं. ऑडिटच्या रिपोर्टला वर सारांश असतो आणि सारांश शांत ठेवावा लागतो, कारण वरचा साहेब तेवढाच वाचतो आणि सकाळी सकाळी त्याला दचकवायचं नसतं. 'एकूण स्थिती समाधानकारक' असं वर टाकायचं आणि काय तुटलंय, काय गळतंय, कुणी सही न करता माल सोडलाय ते सगळं खाली, सावकाश. इतकी वर्षं हेच केल्यामुळे हाताला ते वळणच पडलंय. घराच्या पानावरही मी वर लिहायचे, "घरी सगळं ठीक. आईंचं बीपी ताब्यात. पाणी दोन्ही वेळ येतंय." त्याच ओळी मी रोज थोड्याफार बदलायचे. गॅस आला, झाडांना खत घातलं, आईंनी गोळ्या घेतल्या. मग खाली, कालच्या मजकुराच्या शेवटाला, मला जे खरं म्हणायचं असेल ते.

खाली लिहायचे, आज दिघीला मिलिटरीच्या भिंतीशी तुझ्यासारखा चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस गाडीची काच पुसत होता, मी उगाच स्कूटर हळू केली. लिहायचे, आई अजून तुझ्या भाकरीचं पीठ परातीत घेतात आणि मग लक्षात आलं की परत डब्यात टाकतात, मला म्हणतात, तू बघितलं न्हाईस. लिहायचे, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली की मी हातातलं काम सोडून दाराकडे बघते, मग शेजारच्यांच्या कुलपाचा आवाज येतो. तुझ्या बाजूला मी आता धुतलेले कपडे रचून ठेवते, पलंग मोकळा दिसत नाही. असलं सगळं. तोंडानं मी जन्मात बोलले नसते असलं.

त्याचा गोल माझ्या पानावर कधी दिसला नाही. पण त्याच्या शिफ्ट फिरत्या. मी कॉम्प्युटरसमोर नसताना तो वाचत असेल, असं मी धरून चालले होते. फोनवर तो त्यातलं काही काढायचा नाही, पण सासूबाईंसमोर काढणार तरी कसा? उलट तो काढत नाही म्हणजे त्याला ते पोचलंय, असंच मला वाटायचं.

मग विचारायची वेळ आली. एका रविवारी स्पीकरवरूनच त्यानं सांगितलं, "महिनाअखेर कळवायचंय त्यांना." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जाऊबाईंनी सोलणं थांबवलं. मी काहीतरी म्हणावं असं दोघींनाही वाटत होतं, मलाही वाटत होतं. मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." तो म्हणाला, "घरचं कसं चाललंय ते बघून ठरवतो."

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. हट्ट गेला उडत, म्हटलं. सोमवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी माझं पान उघडलं. वरचा सारांश हाताला सवयीनं आला, घरी सगळं ठीक, आईंचा खोकला कमी, टाकी धुऊन झाली. आणि खाली लिहिलं: "मला कंटाळा आलाय तुझ्याशिवाय ठीक असण्याचा. मी म्हणणार नव्हते, पण म्हणते. ये. बाकी काही नको. ये."

लिहून झाल्यावर दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. रिपोर्टात दोनदा चुकीची तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पानावर डोकावले तर चौकटीत फक्त नाव होतं, होसूर, आणि खाली कोरं. तिसऱ्या दिवशीही कोरं. एकही तक्रार नाही. मला वाटलं, झालं, वाचलं यानं. आता लिहायचं काय, सामान बांधत असेल. मी घरी जाऊन गोधड्या उन्हात टाकल्या. पलंगावरचे कपडे कपाटात गेले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, पाव्हणं येनार हाईत का?" मी म्हणाले, "जत्रा आहे ना आई." जत्रा खरंच जवळ आली होती.

जत्रेला तो आला. दोनच दिवसांच्या सुट्टीवर. दारात उभा राहिला तेव्हा थोडा जाडा झालेला, केस बारीक कापलेले, आणि मला बघून नुसता हसला. घरात पाहुण्यांचा हा गलका. आत्या, मामा, चुलते, त्यांची पोरं, बाहेर ढोल, आत पुरणाचे घाणे. आम्हाला दोघांना कोपरा मिळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. मी आमटी वाढत होते. एका मामांनी विचारलं, "मग काय राव, आता चाकणलाच ना?" आणि तो खाली मान घालून, भात कालवत म्हणाला, "न्हाई मामा. अजून वर्ष वाढवलं. सही करून आलोय."

सगळे म्हणाले, वा वा. मामा म्हणाले, पोरगं पुढं गेलं. मी आमटीचं भांडं धरून तशीच पुढच्या पानावर सरकले आणि त्याच्या पानात वाढायचं राहिलं. त्यानंही मागितली नाही.

जेवणं उरकल्यावर सासूबाईंनी आम्हा दोघांना हाक मारली. "दही संपलं. दोघं बी जा आन् घेऊन या." फ्रीजमध्ये दह्याचं भांडं मी सकाळीच भरलेलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, "ते नासलंय."

मोटारसायकलवर दोघांच्या डोक्यावर हेल्मेट आणि वर ऊन. दही आळंदीच्या रस्त्यालाही मिळालं असतं, पण तो गाडी चालवतच राहिला. दिघीच्या अलीकडे झाडाखाली एक रसवंती होती, तिथे थांबला. दोन ग्लास सांगितले. आम्ही बाकड्यावर बसलो.

"का थांबलास?" मी विचारलं. माझा आवाज भांडणाचा लागला होता.

"घरी सगळं ठीक हाय म्हणून," तो म्हणाला. "रोज बघत होतो की मी. चहाला केबिनमध्ये गेलो की तुझ्या पानावर माऊस ठेवायचा. आईचं बीपी, पाणी, गॅस, टाकी. एक दिवस असा न्हाई की काही बिघडलंय. माझ्यावाचून काही अडत न्हाई म्हटलं. मग वर्ष काढून टाकू, तिकडं नाव होईल."

"आणि खालचं?"

"खालचं कुठलं?"

मी म्हणाले, "पान उघडून वाचलंस का एकदा तरी?"

"उघडायला तिथं निवांतपणा कुठं असतो? मागं चार पोरं उभी. डोकावायचं आन् उठायचं. काही बिघडलं असतं तर वरच असतं की."

मी पर्समधून मोबाइल काढला. मोबाइलवर डोकावता येत नाही, बोट लावलं की पान सरळ उघडतं. मी 'चऱ्होली' उघडून त्याच्या हातात दिलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. तो वाचायला लागला. भराभर वाचेल असं वाटलं होतं, पण नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं. बोटानं थोडं वर सरकवायचा, थांबायचा, परत मागे जायचा. रसवाल्यानं ग्लास आणून ठेवले. बर्फ विरघळला, वरचा फेस बसला. एक बस जत्रेची माणसं घेऊन गेली. तो कुठे पोचलाय हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. शेवटी तो शेवटच्या नोंदीपाशी आला असावा, कारण त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला आणि हातानं तोंड पुसलं.

"हे वर का न्हाई लिहिलंस?" तो म्हणाला.

"वर सारांश असतो."

"आमच्यात शिफ्ट सोडताना बंद पडलेलं पहिलं लिहितात. मोटर गेली, बेल्ट तुटला, तेल गळतंय. पुढचा माणूस पहिली ओळ वाचतो आन् पळतो. चालू हाय ते कुणी लिहीत न्हाई. लिहायला वेळ कुणाला?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता आणि तो नको होता. "म्हणजे तुझा गीझर? तो पंखा?"

"बंद होतं तोवर लिहिलं. दुरुस्त झालं की खोडलं."

"आणि त्याच्या खाली काय होतं?"

"खाली काय असणार? तेवढंच होतं. खोडलेल्याच्या रिकाम्या ओळी राहिल्या असतील."

"मग ते पान कोरं होतं तेव्हा?"

"तवा सगळं मार्गी लागलं होतं. खोली बदलून दिली, मेस बदलली. लिहायला काही उरलं न्हाई."

एवढे महिने मी त्या टिंबांखाली स्वतःला शोधत होते. खाली काही नव्हतंच. आणि ज्या कोऱ्या चौकटीवर मी गोधड्या उन्हात टाकल्या, ती चौकट म्हणजे त्याचं तिथे बस्तान बसल्याची खूण होती. मला रडू आलं. रसवंतीवर बसून रडणाऱ्या बाईकडे लोक बघतात, बघू देत म्हटलं. त्यानं खिशातून रुमाल काढून दिला, तो ऑइलचा वास येणारा होता, इकडचाच, जुना. मी नाक पुसलं आणि विचारलं, "तुला यायचं होतं का नाही, तेवढं सांग."

"होतं की."

"कधी?"

"रोजच."

"मग ते कुठं लिहिलंस?"

तो खरंच गोंधळला. रस ढवळत बसला. मग म्हणाला, "ते काय बंद पडलं होतं व्हय कधी? ते चालूच होतं."

असल्या माणसाला काय करावं? मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. रस्त्यावर दोन्ही करता येत नव्हतं. मी म्हणाले, "आता नाही म्हण त्यांना. फोन कर. सांग, घरी अडचण आहे."

"चाकणच्या जागेवर दुसरा दिला त्यांनी. परवाच आला तो." मग बोटानं बाकड्याचा रंग उकरत तो म्हणाला, "एकदा फोनवर नुसतं ये म्हणाली असतीस तर सही केली नसती मी."

"आणि तू एकदा येतो म्हणाला असतास तर?"

रस कोमट झाला होता, तो आम्ही तसाच प्यायलो. दही न घेताच घरी आलो. सासूबाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि दह्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहुणे झोपेत असताना तो गेला.

त्याला आता काही महिने झाले. आता आम्ही पानं उघडतो. चिडण्याची, लाजण्याची ऐपत राहिलेली नाही. चहाच्या सुट्टीत तो येतो, मी येते, कोपऱ्यात दोन गोल शेजारी शेजारी दिसतात आणि मागे उभी असलेली पोरं हसली तर हसू दे म्हणतो. तोही लिहायला शिकलाय. सुरुवातीला जड गेलं त्याला. मग लांब लिहायला लागला. मेसवाल्या अक्कांनी त्याच्यासाठी भाकरी शिकून घेतली, ती फुगत नाही. रविवारी तो गुलाबाची शेतं बघायला गेला, माझ्या माहेरी तळेगावला आहेत तसलीच पॉलीहाउसं, आणि शेतमालकाशी खुणांनी बोलून खतांची नावं घेऊन आला. खिडकीतून टेकडी दिसते. सकाळी थंडी असते, अंगावर घ्यायला माझी शाल नेली ते बरं झालं. असं सगळं लिहितो, भरभरून, आणि शेवटी माझ्याबद्दलही लिहितो. लग्नाच्या आधीसुद्धा तो माझ्याशी इतकं बोलला नव्हता.

परवा जाऊबाई म्हणाल्या, "आता बरंय बाई तुमचं, रोज पत्रं येतात म्हणे." सासूबाई परातीतलं जास्तीचं पीठ डब्यात टाकत होत्या. मी हो म्हणाले. बरं आहे हे खरंही आहे. मी त्याचं प्रत्येक पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, काही दोनदा वाचते. पण मला वाचायचं नव्हतं. मला तो घरी हवा होता.